पासलीच्या मास्तरांचा आरसा

गंगाधर मास्तर देवमाणूस होते, असं आज पासलीत कुणीही सांगेल. मेल्यावर माणसाचा देव व्हायला आपल्याकडं वेळ लागत नाही. मी त्यांना जवळून पाहिलं, चार वर्षं त्यांच्या घरात राहिले, त्यांच्यामुळं शिकले आणि त्यांच्यामुळंच आईला पोरकी झाले. तेव्हा मला विचाराल तर ते देवमाणूस नव्हते. हुशार होते, रागीट होते, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं.

पासली म्हणजे वेल्ह्याच्या पुढचं डोंगरातलं भाताचं गाव. आमची शाळा भैरोबाच्या देवळात भरायची. सभामंडपात आम्ही बावीस पोरं बसायचो, त्यात पोरी तीन. मास्तर शेजारच्या ओवरीत राहायचे. त्यांचं बिऱ्हाड भोरला, त्यांच्या पत्नी पद्मजाबाई तिकडं. महिन्यातून एकदा ते डोंगर ओलांडून घरी जायचे आणि येताना मेतकुटाचा डबा आणि चार शिळी वर्तमानपत्रं घेऊन यायचे. मंडपाच्या मावळतीकडच्या खांबाला एक खिळा होता. त्यावर त्यांचा दाढीचा आरसा टांगलेला असायचा, पत्र्याच्या चौकटीतला, तळहाताएवढा.

मला शाळेत घातलं ते त्यांनी माझ्या बापाशी भांडून. "पोरगी शिकून काय पाटीलकी करनार हाय?" असं बा म्हणाला, तर मास्तर म्हणाले, "चिमाजी, तिला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता आलं तरी पुष्कळ झालं." बा विचार करत बसला आणि तो बोलायच्या आधी माझी आई, फुलाबाई, आतून म्हणाली, "जाऊ द्या तिला." आई बोलायची कमी, पण एकदा बोलली की त्यावर कुणी बोलायचं नाही.

मास्तरांचा आवडता विषय सृष्टिज्ञान. पुस्तकात तो चार पानांत उरकलेला होता, पण मास्तर त्यावर महिना महिना घालवायचे. सजीव कोण आणि निर्जीव कोण? सजीव खातो, श्वास घेतो, वाढतो, हलतो आणि आपल्यासारखा दुसरा जन्माला घालतो. पाढे म्हणावेत तशी ही पाच लक्षणं आम्ही सुरात म्हणायचो. पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी मास्तरांनी खिळ्यावरचा आरसा काढला आणि प्रत्येकाच्या नाकापुढं धरला. काचेवर धुकं धरलं की म्हणायचे, "हा जिवंत." मग तो देवळातल्या दगडी कासवाच्या तोंडापुढं धरला. काच लखलखीत राहिली. "हा निर्जीव." भैरोबा कोपेल म्हणून आम्ही सगळे टरकलो. तो काही कोपला नाही, आणि त्या दिवसापासून आमच्या लेखी मास्तर भैरोबाच्या बरोबरीचे झाले.

त्याच हिवाळ्यात देवळाच्या दारात एक पाल चेंगरली. पाल निसटली, शेपटी उंबऱ्यावर राहिली आणि वळवळायला लागली. पोरं ओरडली, "जित्ती हाय, जित्ती हाय." मास्तरांनी ती पाटीवर घेतली आणि आम्हाला भोवती बसवलं. शेपटी हळूहळू थांबली. "पाहिलंत? हलतं ते सगळं जिवंत नसतं. नदी हलते, शेपटी हलते. श्वास आहे का ते बघायचं. श्वास नाही तर काही नाही." मी हे घरी जाऊन आईला जसंच्या तसं सांगितलं.

आईला माझा धडा ऐकायची सवय होती. भात सडताना ती मला समोर बसवून म्हणायला लावायची. पाच लक्षणं ऐकून तिनं मुसळ थांबवलं आणि म्हणाली, "आन् भाताचा दाना गं? सा महिनं कनगीत पडून ऱ्हातो. खात न्हाई, हलत न्हाई, वाढत न्हाई. त्यो मेला म्हनायचा का? मग जेठात पेरला की उठतो कसा?" मी दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारलं. ते हसले. "तुझ्या आईला सांग, असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत." मी तसंच सांगितलं. तीही हसली.

एकोणीसशे चौतीसच्या दिवाळीआधीची गोष्ट. हळवं, लवकर पिकणारं भात कापून खळ्यावर आलं होतं आणि राखणीला आई-बा खळ्यावरच निजायचे. एका पहाटे आई उठली ती पोट धरून. पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. अंगावर कुठं डाग नाही, रक्त नाही, पण पेंढ्याखाली मण्यार सापडली. आमच्याकडं असं झालं की त्या जनावराचं नाव घेत नाहीत. "पान लागलं" म्हणतात, तेवढ्यावर सगळ्यांना कळतं. चौघांनी तिला घोंगडीत घातलं आणि देवळात आणलं. पान लागलेल्या माणसाला आधी भैरोबापुढं ठेवायचं, ही आमची रीत.

शाळा भरत होती. पोरं उठून बाहेर गेली आणि आम्ही बसायचो त्या जागेवर आईला निजवलं. गुरव रखमाजी तीर्थ घेऊन आला, कडुनिंबाचा पाला तिच्या तोंडात घालून विचारू लागला, "कडू लागतंय का, फुलाबाई?" तिला बोलता येत नव्हतं. मास्तर बाला म्हणाले, "चिमाजी, आत्ताच्या आत्ता डोली बांधा. भोरला दवाखान्यात न्या. संध्याकाळपर्यंत पोचाल." बानं रखमाजीकडं पाहिलं. रखमाजी म्हणाला, "देवापुढनं उठवून नेलेलं मानूस वाटंतच जातं." बा जागचा हलला नाही. मास्तर ओरडले, हात जोडले, पुन्हा ओरडले. मग ओवरीत गेले आणि दार लावून बसले.

ते दार मी अजून विसरले नाही. आत बसून त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. ते पुन्हा बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती आणि मावळतीचं ऊन मंडपात आलं होतं. आई केव्हाच निपचित पडली होती. मास्तरांनी तिचं मनगट धरलं, बराच वेळ धरलं. मग खांबापाशी गेले, आरसा काढला आणि तिच्या नाकापुढं धरला. मला म्हणाले, "अंबू, इकडं ये. तू बघ."

मी पाहिलं. काच लखलखीत. त्यांनी ती आईच्या पदराला पुसून पुन्हा धरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"संपलं," मास्तर म्हणाले. "आता हा तमाशा बंद करा."

रखमाजी तयार होईना. पान लागलेल्याला एक सूर्य दाखवल्याशिवाय उचलायचं नाही, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं ऊन अंगावर पडल्याशिवाय न्यायचं नाही, असा गावाचा नेम होता. "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. पन अंग अजून मऊ हाय बगा. उद्याचं ऊन पडू द्या. तवर कुनी रडायचं बी न्हाई." मास्तरांचा सकाळपासूनचा सगळा राग तिथं बाहेर पडला. जिवंत होती तेव्हा दवाखान्यात नेऊ दिली नाहीत, आता मेल्यावर मात्र देवळात ठेवता. गेल्या वर्षी वरच्या वाडीत असंच दोन दिवस ठेवलं, तर मुंग्या लागल्या, विसरलात का? अंग ताठायला वेळ लागतोच, पुस्तकात दिलंय. ते जे बोलले त्यातलं बरंचसं खरं होतं.

बा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मग माझ्याकडं वळला. "अंबे, तू साळंत जातीस. तू बघितलंस. तू सांग."

मी दहा वर्षांची होते. मला पाचही लक्षणं पाठ होती. मी म्हणाले, "श्वास न्हाई, बा."

पोलीस पाटलांना पंचनामा करावा लागायचा. अक्षर मास्तरांचं चांगलं, म्हणून लिहायला तेच बसले. पाटील सांगत होते, मास्तर मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवून लिहीत होते. मी आईच्या डाव्या हातापाशी बसले होते. कापणीत विळा लागलेल्या तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. ते बोट हललं. थोडंसं वाकलं आणि सरळ झालं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांची मान खाली होती. मला वाटलं, शेपटी. हलतं ते सगळं जिवंत नसतं. आता बोलले तर बावीस पोरांत मलाच धडा आला नाही असं होईल. मी बोलले नाही. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी मला जरासा अभिमानसुद्धा वाटला, की बाकीचे फसले असते आणि मी फसले नाही.

दिवस मावळायच्या आत तिला नेलं. बायकांनी मसणवटीत जायचं नसतं. मी देवळातच बसून राहिले.

त्यानंतर मास्तर बदलले. खिळ्यावरचा आरसा नाहीसा झाला. मास्तरांनी दाढी वाढवली, पुढं महिन्या-दोन महिन्यांनी न्हाव्याकडून करून घेऊ लागले. सृष्टिज्ञानाची ती चार पानं त्यांनी पुन्हा कधी शिकवली नाहीत. पुस्तक उघडायचे, पान उलटायचे आणि थेट नद्या-डोंगरांवर जायचे. तपासणीला साहेब आले, त्यांनी सजीवाची लक्षणं विचारली, तर नवी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत फटकारून लिहिलं. मास्तरांनी खाली सही केली. मला वाटायचं, माझ्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून ते एवढं सोसतात.

पुढच्या जेठात ते आमच्या घरी आले आणि बाला म्हणाले, "अंबूला भोरला माझ्या घरी ठेवतो. सातवीपर्यंत शिकू दे." बा रडला. गाव धन्य धन्य म्हणालं. मी चार वर्षं भोरला राहिले. माझं ताट वेगळं, जेवण पडवीत, आणि ताट मीच घासायचं. पद्मजाबाईंचं सोवळं कडक, पण माझ्या केसांत रोज तेल घालून वेणी त्याच घालायच्या आणि मग पुन्हा आंघोळ करायच्या. मास्तर महिन्यातून एकदा यायचे, माझ्या वह्या तपासायचे. माझ्याकडं सरळ बघायचे नाहीत. मी समजायचे, शिस्त आहे.

सातवी झाले, पुण्याला जाऊन शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि चव्वेचाळीस साली भोरजवळच उत्रोलीच्या शाळेत लागले. सृष्टिज्ञान मलाही शिकवावं लागायचं. दोन वर्षं मी तोंडी उरकलं. मग एका शिमग्यात ठरवलं, की किती दिवस पळायचं? बाजारातून एक आरसा आणला, वर्गाच्या खिडकीत ठेवला आणि दुपारच्या सुट्टीनंतर पोरांना रांगेत उभं केलं.

पहिली आली भिमा, आठ वर्षांची, बोलकी. मी आरसा तिच्या नाकापुढं धरला. तिनं फुस्सकन श्वास सोडला. काचेवर काही उमटलं नाही. पुन्हा सोडला. काच लखलखीत. भिमा वर्गाकडं वळून म्हणाली, "बाई, म्या मेले वाटतं."

वर्ग हसला. मी दुसऱ्या पोराला उभं केलं, तिसऱ्याला, मग स्वतः फुंकलं. काही नाही. काच हाताला चटका बसण्याइतकी तापली होती. मी ती पाण्याच्या घागरीत बुडवली, पुसली आणि भिमाच्या नाकापुढं धरली. पांढरं धुकं धरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पोरांना घरी सोडलं आणि पायांत वहाणा घालायचं विसरून भोरची वाट धरली.

मास्तर तेव्हा नोकरीतून मोकळे झाले होते. दम्यानं पोखरले होते. उशीला टेकून बसले होते आणि एकेक श्वास ओढून घेत होते. मी नमस्कार केला नाही.

"मास्तर, आरसा तापलेला होता."

त्यांनी कुठला आरसा असं विचारलं नाही. "हो," म्हणाले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्या दिवशी. त्याच वेळेला. खिळ्यावरून काढला आणि माझ्याच नाकापुढं धरला. काही उमटलं नाही. तसाच धरून किती वेळ उभा होतो, माहीत नाही."

"कशाला धरलात? आदल्या दिवशी तर तुमची खात्री होती."

"रात्रभर तुझ्या आईचा प्रश्न डोक्यात होता. दाण्याचा."

मी म्हणाले, "मला सांगितलं नाहीत." ते म्हणाले, "तुला सांगून काय झालं असतं, अंबू?" आणि दम लागून थांबले. मग डोळे मिटून म्हणाले, "अकरा वर्षं मी एवढ्यावरच काढली. आरसा खोटा ठरला, तरी ती आधीच गेलेली असेल. नाडी मला लागली नव्हती. मण्यार डसल्यावर दुपारपर्यंत कोण राहतं? असेल, गेलेलीच असेल."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. म्हातारा, आजारी माणूस, समोर पद्मजाबाई काढा घेऊन उभ्या. पण त्या घडीला मला त्यांना दुखवायचं होतं, हे मी लपवत नाही. मी म्हणाले, "तिचं बोट हललं होतं."

त्यांनी डोळे उघडले. त्या घरात मी इतकी वर्षं काढली, पण त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं ते त्या दिवशी.

"कुठलं?"

"डाव्या हाताचं. चिंधी बांधलेलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मी कुठं होतो?"

"पंचनामा लिहीत होता."

ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "श्वास नाही, हालचाल नाही." पंचनाम्यातलं आपलंच वाक्य त्यांना पाठ होतं. तू का बोलली नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना मी न सांगताच कळलं. "पालीची शेपटी," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं वळले. मी तशीच उठून आले. रस्ताभर वाटत होतं, मन हलकं होईल. झालं नाही. आधी त्या ओझ्याला आम्ही दोघं होतो, पण दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आणि दोघांचं ओझं तेवढं वाढलं.

चैत्र संपत असताना एका दुपारी निरोप आला. मास्तर सकाळीच गेले होते. पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, तिरडी बांधून तयार होती आणि मास्तरांचा पुतण्या वसंत, तीस-बत्तीसचा, काकूवर चिडला होता. "काकू, भटजी सकाळपासून खोळंबलेत. कशासाठी थांबायचं?"

पद्मजाबाई दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांनी सांगून ठेवलंय. अंबू आल्याशिवाय उचलायचं नाही, आणि आल्यावर ती म्हणेल तेव्हाच उचलायचं." मग मला म्हणाल्या, "आत जा."

आत म्हणजे माजघरात. चार वर्षं राहून त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. वसंतराव म्हणाले, "काकू, ती शिवेल." पद्मजाबाई म्हणाल्या, "शिवू दे."

मी मास्तरांच्या डाव्या अंगाला बसले. उशाशी तो आरसा ठेवलेला होता, पत्र्याच्या चौकटीतला. पद्मजाबाई म्हणाल्या, "तुला द्यायला सांगितलाय." मी तो पालथा घातला. मास्तरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उद्याचं ऊन पडू द्या."

बाहेर कुजबुज झाली. भटजी उठून गेले, सकाळी येतो म्हणाले. वसंतराव दोनदा आत डोकावले आणि म्हणाले, हे काय खूळ आहे, अंग ताठलंय, कुणीही सांगेल. बरोबरच होतं. मलाही हाताला कळत होतं, बोटं लाकडासारखी झाली होती. तरी मी त्यांच्या बोटांवरची नजर काढली नाही. रात्रीत कधीतरी वाटलं, हलावीत. माझ्या आईला न मिळालेला एक सूर्य मी त्या माणसाला देत होते, आणि कशासाठी देत होते ते मला सांगता आलं नसतं. राग गेला नव्हता. रडू येत होतं, ते दोघांसाठीही येत होतं.

उजाडलं. माजघराला उगवतीकडं एक लहान खिडकी होती. ऊन आधी कोनाड्यात आलं, मग त्यांच्या पायांवर, मग छातीवर. वसंतराव दारात येऊन उभे राहिले. ऊन मास्तरांच्या तोंडावर आलं तेव्हा मी त्यांचा हात खाली ठेवला.

"आता उचला," मी म्हणाले.